एका पैची चूक

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आपल्या देवळात रोज संध्याकाळी त्रैमूर्तींची आरती होते. लहान मुलांपासून काठी टेकत येणाऱ्या आजींपर्यंत सगळ्यांना ती तोंडपाठ आहे. पण ही आरती कोणी रचली असं विचारलं, तर पुष्कळजण क्षणभर घुटमळतात. शेवटच्या कडव्यातली 'एका जनार्दनी' ही नाममुद्रा आपण टाळ्यांच्या नादात म्हणून जातो. त्यातले 'एका' म्हणजे पैठणचे संत एकनाथ आणि 'जनार्दन' म्हणजे त्यांचे सद्गुरू, देवगिरीचे जनार्दनस्वामी. वारकरी संप्रदाय नाथांना आपलं मानतो आणि ते योग्यच आहे. पण नाथांवर गुरुकृपा झाली ती दत्तभक्त गुरूंकडून. म्हणून दत्तजयंतीच्या या अंकात नाथांचं स्मरण करावं, असं मनात आलं.

मी काही अभ्यासक नाही. कॉमर्सचा पदवीधर, छत्तीस वर्षं बँकेत कारकुनी केली आणि निवृत्त झालो. नाथांकडे मी वळलो तो एका हिशेबामुळे आणि नाथांपाशी थांबलो तो माझ्या आईमुळे. ते पुढे ओघात येईलच.

नाथांचा जन्म इ. स. १५३३ च्या सुमाराचा मानतात. घराणं पैठणचं, विठ्ठलभक्तीचं. संत भानुदास हे त्यांचे पणजोबा. विजयनगरला गेलेली विठ्ठलाची मूर्ती भानुदासांनीच पंढरपूरला परत आणली, असं परंपरेने सांगतात. नाथांच्या वडिलांचं नाव सूर्यनारायण आणि आईचं रुक्मिणी. पण हे दोघे मूल अगदी तान्हं असतानाच गेले. त्यामुळे नाथांना वाढवलं ते आजोबा चक्रपाणी आणि आजीने. ऐन उतारवयात मुलगा आणि सून डोळ्यांदेखत जातात आणि हातात नातवंड उरतं. त्या म्हाताऱ्या जोडप्याने ते पोर कसं सांभाळलं असेल, याची कल्पना आपल्या वयाच्या माणसांनाच येईल. त्यांनी वेळेवर मुंज केली, शास्त्री ठेवून विद्या दिली. पोरगा बुद्धीने तल्लख. शिकवणाऱ्याला उत्तर देता येणार नाही असे प्रश्न विचारायचा, म्हणे.

साधारण बाराव्या वर्षी हा मुलगा एका रात्री घरात कोणाला न सांगता निघाला आणि देवगिरीला पोचला. शिवालयात बसलेला असताना जनार्दनस्वामींकडे जाण्याचा आदेश झाला, अशी कथा आहे. पैठणहून देवगिरी आजच्या रस्त्याने साठ-सत्तर किलोमीटर. तेव्हा पायी, एकट्याने. इकडे आजी-आजोबांची काय अवस्था झाली असेल ते सांगायला नको.

जनार्दनस्वामी म्हणजे काही रानात राहणारे संन्यासी नव्हते. मूळ चाळीसगावचे देशपांडे, निजामशाहीच्या चाकरीत देवगिरीच्या किल्ल्याचा कारभार पाहणारे अधिकारी. बायकोमुलांचे गृहस्थ. दिवसभर शिबंदी, धान्य, वसूल यांचे व्याप आणि पहाटे दत्ताची उपासना. गुरुवारी त्यांच्या पूजेसाठी किल्ल्यावरची कचेरी बंद असायची, असंही सांगतात. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. आम्हाला गुरुवारी सुट्टी कधी मिळाली नाही, पण सरकारी दप्तर सांभाळूनही दत्त भेटतो, याचा हा मोठाच दाखला म्हणायचा.

गुरूंनी या मुलाला लगेच मंत्र दिला नाही. कामाला लावलं. पाणी भरणं, पूजेची तयारी, पडेल ती सेवा. हळूहळू विश्वास बसला तसं हिशेबाचं काम सोपवलं. आणि इथे ती प्रसिद्ध गोष्ट येते. एकदा जमाखर्चात एका पैचा फरक लागला. दुसऱ्या दिवशी हिशेब दाखवायचा होता. नाथ रात्री गुरूंचे पाय चेपून झाल्यावर दिवा घेऊन वह्या उघडून बसले. एक प्रहर गेला, दुसरा गेला. तेल घालून दिवा पुन्हा मोठा केला. तहानभूक, झोप कशाचंच भान नाही. रात्र सरत आली तेव्हा ती पै सापडली आणि या मुलाने आनंदाने टाळी वाजवली. त्या आवाजाने जनार्दनस्वामी जागे झाले. काय झालं म्हणून विचारलं. पैची चूक सापडली एवढ्याने इतका आनंद, हे पाहून त्यांनी त्याला जवळ घेतलं आणि सांगितलं की, एका पैसाठी तू जसा एकाग्र झालास, तसाच भगवंतासाठी झालास तर तोही असाच सापडेल.

ही गोष्ट शाळेत असताना ऐकली होती, पण कळली ती बँकेत. आमच्या वेळी संगणक नव्हते. लेजरं हाताने लिहायची, महिनाअखेरीला सगळ्या खात्यांच्या बेरजा करून जनरल लेजरशी ताळा जमवायचा. फरक लागला की घरी जाणं नाही. जुन्या हेडक्लार्कने मला शिकवलं होतं की, फरकाला नवाने भाग जात असेल तर बहुतेक कुठेतरी आकडे उलटे पडलेत. एकदा ६३ पैशांचा फरक होता. मी रात्री साडेअकरापर्यंत बसलो. एका खात्यात ८१ पैशांच्या जागी १८ पैसे लिहिले होते. सापडल्यावर मीही एकट्याने टेबलावर हात मारला होता आणि शिपाई दचकून उठला होता. तेव्हा नाथांची आठवण आली. बाहेरच्या माणसाला वाटेल, ६३ पैसे खिशातून टाकून मोकळं व्हावं. पण हिशेबाच्या कामात ते चालत नाही. जिथे चुकलंय तिथेच जाऊन ती चूक दुरुस्त करावी लागते.

जनार्दनस्वामींनी मग नाथांवर पूर्ण कृपा केली. दत्तदर्शनाची कथा सर्वांना ठाऊक आहे. गुरू शिष्याला डोंगरात घेऊन गेले. तिथे मलंग फकिराच्या वेषात, सोबत एक कुत्री घेऊन, कोणी एक आला. जनार्दनस्वामींनी त्याच्याबरोबर एका पात्रात खाल्लं. शिष्याला आधी काही उमगेना. हा कोण, गुरू याच्या पंगतीला कसे बसले, म्हणून तो संकोचला. तो फकीर म्हणजे साक्षात दत्तात्रेय आणि ती कुत्री म्हणजे कामधेनू, हे नंतर कळलं. दत्तमहाराजांची ही रीतच आहे. गुरुचरित्रातही ते कोणत्या रूपात येतील याचा नेम नसतो. पुढे गुरूंच्या आज्ञेने नाथांनी शुलिभंजनच्या डोंगरावर तप केलं. खुलताबादजवळच्या या डोंगरावर आज दत्ताचं देऊळ आहे आणि दत्तजयंतीला तिथे गर्दी होते.

मग तीर्थयात्रा झाल्या. त्र्यंबकेश्वराच्या यात्रेत गुरू बरोबर होते. त्यांच्याच आज्ञेने नाथांनी चतुःश्लोकी भागवतावर मराठीत टीका लिहिली. तो त्यांचा पहिला ग्रंथ. पुढची यात्रा एकट्याने करून ते पैठणला आले. पण घरी गेले नाहीत. गावाजवळच्या एका देवळात उतरले.

आता इथे मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट सांगतो. मधल्या काळात आजोबा चक्रपाणी नातवाचा शोध घेत देवगिरीला जाऊन आले होते. जनार्दनस्वामींनी त्यांना नाथांच्या नावे एक पत्र लिहून दिलं होतं. त्यात आज्ञा होती की, हे पत्र जिथे मिळेल तिथेच राहावं, पुढे जाऊ नये, लग्न करून आजी-आजोबांना सांभाळून संसार करावा. इतकी वर्षं ते पत्र आजोबांनी जपून ठेवलं. नातू आल्याची कुणकुण लागताच दोघं म्हातारा-म्हातारी धावत गेली. वाटेत गाठ पडली. आजोबांनी पत्र हातात दिलं. नाथांनी वाचलं, गुरूंच्या अक्षराला नमस्कार केला आणि ते आहेत त्याच जागी बसले. एक पाऊल पुढे नाही. मग तिथेच खोपट उभारलं गेलं आणि पुढे तिथेच घर झालं, असं परंपरा सांगते.

विचार करा. तरुण वय, वैराग्य अंगात मुरलेलं, दत्तदर्शन झालेलं. अशा माणसाला गुरूंनी हिमालयात पाठवलं असतं तर तो आनंदाने गेला असता. गुरूंनी पाठवलं घरी. ज्या दोन जिवांना तो न सांगता सोडून आला होता, त्यांच्याकडेच. मला वाटतं, जनार्दनस्वामी हिशेबाचे पक्के होते. नाथांच्या खात्यावर जी एक नोंद राहून गेली होती, ती त्यांनी बरोबर ओळखली होती.

यथाकाल लग्न झालं. पत्नी गिरिजाबाई. मुली झाल्या, हरी नावाचा मुलगा झाला. आजी-आजोबांचे शेवटचे दिवस नातवाच्या घरात गेले. नाथांचा दिनक्रम ठरलेला असे. पहाटे उठून चिंतन, गोदावरीचं स्नान, पूजा, भागवत-वाचन, दुपारी अतिथींसह जेवण, तिसऱ्या प्रहरी पुराण, रात्री कीर्तन. वाचताना वाटतं, फार सुखाचा संसार. पण ज्या घरात रोज कोणीही केव्हाही जेवायला येतं, त्या घरातल्या बाईचे कष्ट काय असतील! नाथांच्या मोठेपणात गिरिजाबाईंचा अर्धा वाटा आहे, असं मी नेहमी म्हणतो.

एक गोष्ट सांगतात. नाथांना राग आणून दाखवला तर पैसे देऊ, अशी पैज कोणीतरी एका गरजू ब्राह्मणाला लावली. तो आला, सोवळ्यात बसलेल्या नाथांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथ हसले आणि भेटीची एवढी ओढ म्हणून कौतुक केलं. मग जेवायच्या वेळी गिरिजाबाई वाकून वाढत असताना हा त्यांच्या पाठीवर चढला. नाथांनी एवढंच म्हटलं की, जपा, पाहुणे पडतील. त्यावर गिरिजाबाईंनी उत्तर दिलं की, लहान हरीला पाठीवर घेऊन कामं करायची सवय आहे, पडू देणार नाही. त्या माणसाने पाय धरले. नाथांची शांती आपण गातो, पण या गोष्टीत परीक्षा खरी झाली ती गिरिजाबाईंची.

आणखी दोन गोष्टी प्रत्येकाला माहीत आहेत, तरी त्या टाळता येत नाहीत. भर उन्हात गोदावरीच्या वाळवंटात एक लहान मूल रडत होतं. आई पाण्याला पुढे गेलेली. मूल महाराचं. त्या काळी स्नान करून येणाऱ्या ब्राह्मणाने त्याची सावलीही घेतली नसती. वाळू तापलेली, पोराचे पाय भाजताहेत. नाथांनी त्याला उचललं, त्याचं नाक आणि डोळे पुसले, कडेवर घेऊन महारवाड्यात त्याच्या आईकडे पोचवलं. दुसरी गोष्ट कावडीची. काशीची गंगा रामेश्वराला वाहायला नेत असताना वाटेत एक गाढव तहानेने तडफडताना दिसलं. नाथांनी सगळी गंगा त्याच्या तोंडात ओतली. इतक्या लांबून खांद्यावर आणलेलं पाणी! बरोबरचे लोक हळहळले. नाथांना मात्र रामेश्वर तिथेच पोचल्याचं समाधान.

आता नाथांच्या ग्रंथाविषयी थोडं. भागवताच्या अकराव्या स्कंधावर नाथांनी मराठीत टीका लिहायला घेतली. सुरुवातीचे अध्याय पैठणला झाले. ते काशीला पोचले आणि देववाणीतलं ज्ञान प्राकृतात आणलं म्हणून तिथल्या पंडितांत गडबड उडाली. नाथांना बोलावणं आलं. नाथ गेले, त्यांनी ग्रंथ वाचून दाखवला, आणि विरोध करणाऱ्यांनीच शेवटी त्या ग्रंथाची मिरवणूक काढली, असं चरित्रकार सांगतात. काशीतच शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, तो पूर्ण झाला. एकतीस अध्याय, सुमारे १८,८०० ओव्या. हेच आपलं एकनाथी भागवत.

दत्तभक्तांसाठी या ग्रंथाचे सातवा, आठवा आणि नववा हे अध्याय म्हणजे ठेवा आहे. यदुराजाला भेटलेल्या अवधूताने आपल्या चोवीस गुरूंची कथा त्यात सांगितली आहे. हा अवधूत म्हणजे दत्तात्रेयच, अशी आपली श्रद्धा. हे चोवीस गुरू पाहिले तर त्यात एकही मठाधिपती नाही. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य. मग कबुतर, अजगर, समुद्र, पतंग, मधमाशी, हत्ती, मासा. एक लहान मूल. दारी पाहुणे आले म्हणून घाईने भात कांडणारी आणि बांगड्यांचा आवाज होऊ नये म्हणून हातात एकेकच बांगडी ठेवणारी एक मुलगी. आणि बाण घडवणारा एक कारागीर. तो बाणाचं टोक सरळ करण्यात असा गढला होता की समोरच्या रस्त्याने राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता लागला नाही. हे वर्णन करताना नाथांना आपली ती पैची रात्र आठवली असेल का? मला तरी आठवते.

याच चोवीसांतल्या एका गुरूने मात्र मला कोड्यात टाकलं. तो म्हणजे कबुतर. ती कथा अशी. रानात कबुतरांचं एक जोडपं, घरट्यात पिल्लं. एक दिवस दोघं चाऱ्याला गेली असता पारध्याने पिल्लं जाळ्यात धरली. परत आल्यावर ती तडफड पाहून मादीने स्वतःला जाळ्यात झोकून दिलं, मागोमाग नरानेही. पारधी सगळं कुटुंब घेऊन गेला. अवधूत सांगतो की घरादाराच्या मोहाचा शेवट असा होतो.

हे मी वाचत होतो तेव्हा माझी आई अंथरुणावर होती. न्हाणीघरात पाय घसरून तिच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. वय पंच्याऐंशी. तिचं सगळं अंथरुणावरच. मी गेली बावीस वर्षं दत्तजयंतीला गुरुचरित्राचं सप्ताह-पारायण करत आलो होतो. त्या वर्षीही सोवळं नेसून बसलो. आईचं सगळं पत्नीच्या अंगावर टाकलं, तिचे गुडघे दुखत असताना. तिसऱ्या दिवशी एकोणतिसावा अध्याय चालू असताना आईने हाक मारली. पत्नी बाहेर गेली होती. मी उठलो नाही. तिने पुन्हा मारली. मग मी वाचन थांबवून तिच्या खोलीच्या दारात गेलो आणि आत पाऊलही न टाकता तिला फार कडक शब्दांत बोललो. पारायण मोडायचंय का तुला, असं काहीतरी. ती काही बोलली नाही. त्या रात्री तिने कोणालाच हाक मारली नाही. सकाळी पाहिलं तर सगळं अंथरूण ओलं होतं आणि ती जागी होती.

पारायण मी सातही दिवस पूर्ण केलं. उद्यापन झालं, नैवेद्य झाला. पण ताळा जमला नाही. फरक कुठे आहे ते मला माहीत होतं आणि तो खिशातून टाकून भागण्यासारखा नव्हता.

त्यानंतर मी एकनाथी भागवत आईच्या खाटेशेजारी बसून वाचायला लागलो. तेव्हा ही कबुतराची कथा आली आणि वाटलं, मग आईचं करणं हाही मोहच का? संसार सोडावा असं दत्तमहाराज सांगतात आणि तेच दत्तमहाराज आपल्या भक्ताकरवी नाथांना घरी पाठवतात, हे कसं? पुष्कळ दिवस हा प्रश्न डोक्यात होता. उत्तर मला ग्रंथात नाही, नाथांच्या चरित्रात सापडलं. कबुतराला फक्त आपलीच पिल्लं दिसली. वाळवंटातलं पोर नाथांचं नव्हतं. गाढव नाथांचं नव्हतं. पाठीवर चढलेला तो ब्राह्मणही कोणी लागत नव्हता. जो जीव समोर आला आणि ज्याला गरज आहे, त्याचं करायचं. तो आपला असला तरी करायचं. 'माझं' म्हणून चिकटून राहणं वेगळं आणि समोर आलेलं काम बाणवाल्यासारखं मन लावून करणं वेगळं. मी आईवर ओरडलो तेव्हा तर मी कबुतराइतकाही नव्हतो. मला फक्त माझं पारायण दिसत होतं.

मग मी एक वही केली. औषधांच्या वेळा, किती खाल्लं, कधी कूस बदलली. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. रात्री अकरा, एक, तीन, पाच. पेज भरवताना घोट गिळल्याचं पाहिल्याशिवाय दुसरा चमचा पुढे करायचा नाही, हे शिकायलाच मला पंधरा दिवस लागले. छत्तीस वर्षं आकडे सांभाळलेला माणूस, पण इतक्या लक्षपूर्वक मी आईच्या तोंडाकडे कधी पाहिलं नव्हतं.

असो. नाथांकडे परत येतो.

नाथांचं आणखी एक मोठं काम म्हणजे ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत. नाथांचा घसा दुखू लागला आणि स्वप्नात ज्ञानेश्वरमाउलींनी येऊन सांगितलं की, आळंदीला अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे, ती येऊन काढ. नाथ आळंदीला गेले, समाधीचं दर्शन घेतलं, मुळी काढली. अशी कथा आहे. त्यानंतर शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीचं शुद्धीकरण पूर्ण केलं. ज्ञानेश्वरीला तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षं झाली होती. हाताने नकला करता करता चुका शिरल्या होत्या, कोणी स्वतःच्या ओव्याही घुसडल्या होत्या. नाथांनी निरनिराळ्या प्रती समोर ठेवून पाठ लावले. स्वतः एवढे मोठे कवी, पण आपली म्हणून ओवी मूळ ग्रंथात घातली नाही आणि पुढच्यांनाही तसं न करण्याची ताकीद दिली. हिशेबनिसाचं काम असंच असतं. दुसऱ्याची रक्कम दुसऱ्याच्याच नावे, पै न पै बरोबर. आज आपल्या घरी जी ज्ञानेश्वरी आहे, तिच्यामागे नाथांची ही मेहनत आहे.

नाथांच्या संसारात दुःख नव्हतं असं नाही. मुलगा हरिपंडित मोठा विद्वान झाला. पण वडिलांनी मराठीत पुराण सांगावं, कोणाच्याही घरी जेवावं, हे त्याला पटेना. तो रागावून बायकोमुलांसह काशीला निघून गेला. बाप म्हणून नाथांना काय वाटलं असेल? लहानपणी स्वतः आजोबांना सोडून गेले होते, ते त्यांना आठवलं असेल. नाथ काशीला गेले आणि मुलाला घेऊन आले. मुलाच्या अटी मान्य केल्या. परान्न घेणार नाही, पुराण संस्कृतातच आणि ते मुलगा सांगेल. ज्यासाठी काशीच्या पंडितांसमोर उभे राहिले ती मराठी नाथांनी मुलासाठी बाजूला ठेवली आणि श्रोत्यांत जाऊन बसले. श्रोते हळूहळू कमी झाले. पुढे एका गरीब म्हातारीने सहस्रभोजनाचा नवस फेडायचा म्हणून नाथांना जेवायला बोलावलं. नाथांनी मुलाची समजूत घालून त्यालाच स्वयंपाकाला बरोबर नेलं. जेवण झाल्यावर हरिपंडित उष्टी पत्रावळ उचलायला गेला तर खाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. अशा हजार पत्रावळी निघाल्या. मुलाचा अभिमान गळला आणि पुराण पुन्हा मराठीत सुरू झालं. चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मला त्यातला थांबलेला बाप दिसतो. त्याने मुलाशी वाद घातला नाही आणि त्याला तोडलंही नाही.

नाथांच्या घराने असे कितीजण सांभाळले. पुरणपोळीच्या हट्टापायी आई ज्याला घेऊन आली तो गावबा, लोकांनी वेड्यात काढलेला. नाथांनी त्याला ठेवून घेतलं. शेवटी भावार्थ रामायण युद्धकांडाच्या चव्वेचाळीस अध्यायांपर्यंत लिहून झालं आणि उरलेलं गावबाने पूर्ण केलं, असं परंपरा सांगते. पाणक्या होऊन राहिलेला श्रीखंड्या हा साक्षात श्रीकृष्ण होता, ही तर सर्वांच्या आवडीची कथा. तो रांजण आजही पैठणच्या नाथवाड्यात दाखवतात. पण श्रीखंड्या देव आहे हे कळलं ते तो निघून गेल्यावर.

शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेलं दत्तदर्शन, नाथांना त्यांची भेट, स्वामींचं निर्याण आणि नाथांचं निर्याण, या पाचही गोष्टींची तिथी हीच मानतात. पैठणला नाथषष्ठीला लाखो लोक जमतात. ज्यांना जमेल त्यांनी एकदा जावं आणि वाड्यात थोडा वेळ बसावं. ते आधी एक घर होतं, हे तिथे गेल्यावर जाणवतं.

आई गेल्या चैत्रात गेली. अडीच वर्षं तिने काढली. पाठीला जखम झाली नाही, एवढं मात्र डॉक्टरांनी आवर्जून सांगितलं. त्या दोन दत्तजयंत्यांना माझं पारायण झालं नाही. तिच्या खाटेशेजारी बसून जमेल तेवढं वाचायचं, हाक आली की पोथीला नमस्कार करून उठायचं, असं चाललं होतं. या वर्षी मी पुन्हा सप्ताहाला बसणार आहे. सोवळं धुऊन ठेवलं आहे. मध्येच उठायला लावणारी हाक आता येणार नाही.

ज्यांच्या घरी कोणी अंथरुणावर आहे आणि म्हणून यंदा पारायण राहून जाणार आहे, अशा वाचकांसाठी मी हे लिहिलं. वाईट वाटून घेऊ नका. हाक आली तर उठा. नाथांना त्यांच्या गुरूंचं पत्र भर रस्त्यात मिळालं होतं आणि ते तिथेच बसले होते.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥